सगळ्यांच्या शेवटी शून्य

"आमच्या नंबरावर तुझ्या बापाचं नाव कसं आलं, ते सांग आधी."

"कॉलर सोड, धन्या. बटण तुटंल."

"तुटू दे. नाव कसं आलं?"

"मला काय म्हाईत? मी काय ग्रामपंचायतीत कामाला हाय?"

"फॉर्म कुणी भरला आमचा? आईनं भरला का मी? तूच टाईप केलास नव्हं?"

मुबारकनं माझी बोटं एकेक करून कॉलरवरनं सोडवली. त्याला राग उशिरा येतो, मला लवकर. त्यामुळं भांडणात नेहमी आधी माझं संपायचं आणि मग त्याचं सुरू व्हायचं.

"टाईप मी केला," तो म्हणाला. "बटण कुणी दाबलं?"

"मी."

"मग?"

आजूबाजूला सगळे बघत होते. पाळणेवाले, रसवाले, खेळणीवाले, ती गोंदण काढणारी बाई. ग्रामपंचायतीच्या खिडकीत टीव्ही ठेवला होता आणि त्याच्यावर जागांची यादी लावली होती. यादीत दस्तगीर बागवान होतं. हिराबाई तांदळे नव्हतं. हिराबाई म्हणजे माझी आई.

गावाचं नाव सांगत नाही. अजून तिथं धंदा करायचाय.

आमचं दुकान म्हणजे बंदुकीनं फुगे फोडायचं. एक फळी, तिला फुगे, पुढं टेबल, टेबलावर दोन बंदुका, त्यातली एक डावीकडं मारते. दस्तगीरमामांची भेळेची गाडी आमच्या शेजारी. माझा बाप असल्यापासून शेजारी. पोरगं भेळ होईपर्यंत फुगे फोडतं आणि फुगे फोडून झाले की त्याला परत भूक लागते, असं ते जमलेलं. बाप गेल्यावर बांबू रोवायला पण मामाच आले. आईची मान दुखायला लागली की मामा एका हातानं कांदा कापत दुसऱ्या हातानं आमच्या गिऱ्हाइकाला बंदुकीच्या गोळ्या मोजून द्यायचे.

दोन दुकानांचा नारळ एकच. मामा आणणार, आई फोडणार, अर्धा त्यांच्या गाडीला, अर्धा आमच्या फळीला. नारळ दोन कशाला, गिऱ्हाईक तर एकच, असं मामा म्हणायचे.

त्या एका जत्रेवर आमचा पावसाळा निघायचा. पावसात फुगे कोण फोडतंय? जूनपासून दसऱ्यापर्यंत आम्ही घरात बसून, आणि खायचं ते ह्या जत्रेचं. दीपमाळेखालच्या दोन जागा आमच्या ठरलेल्या होत्या. दर्शन घेऊन माणूस खाली उतरला की त्याचा पहिला पाय तिथं पडतो. तिथं नाही तर मग कुठंही बसा, माशा मारा.

त्या साली नवीन निघालं. ओळखीनं जागा वाटतात म्हणून बोंब झालेली, म्हणून भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, सगळं कॉम्प्युटरवर केलं. फॉर्म आधी भरून ठेवला तरी पाठवायचं बटण सकाळी दहालाच चालू होणार. ज्यानं आधी पाठवला त्याचा नंबर लहान, ज्याचा नंबर लहान त्यानं जागा आधी निवडायची. नंबर पण साधासुधा नाही, हा एवढा अठरा आकडी. आधी तारीख, मग तास, मिनिट, सेकंद, मग सेकंदाचा दहावा भाग, आणि शेवटी ज्या कॉम्प्युटरवरनं फॉर्म भरला त्या कॉम्प्युटरचा नंबर. भाऊसाहेब म्हणाले, आता कुणाला बोट दाखवायला जागाच नाही.

तालुक्याच्या कॉम्प्युटर सेंटरवर आम्ही दोघं गेलो. मी नववीत शाळा सोडलेली, इंग्रजी अक्षरं शोधत बसलो असतो तर अकरा वाजले असते. मुबारक तेव्हा बारावी सायन्सला. त्यानं दोन्ही फॉर्म भरून ठेवले, एका कॉम्प्युटरवर आईचा, एकावर मामांचा. आईच्या फॉर्मसमोर मला बसवलं.

"आता एकदम दाबायचं," तो म्हणाला. "तू आधी न्हाई, मी आधी न्हाई. म्हंजे जागा शेजारीच मिळणार."

"कसं एकदम?"

"लहानपणी पळायचो तसं. तीनला दाब. माडेला दाबलंस तर बघ."

दहा वाजले. एक, साडे, माडे, तीन. दोघांनी दाबलं. सेंटरवाला हसायला लागला, म्हणाला, "लग्न लावताय का काय?" पावत्या निघाल्या. दोन्ही नंबर डावीकडनं वाचत गेलं तर सारखेच. फक्त अगदी शेवटी आमचे सत्तावीस, त्यांचे तेहतीस. एवढाच काय तो फरक. म्हणजे आम्ही बरोबर एकाच टायमाला दाबलं होतं, फरक निव्वळ कॉम्प्युटरच्या नंबराचा. मुबारकनं दोन्ही पावत्या एकमेकींवर ठेवून उजेडात धरल्या आणि मला दाखवल्या. लई खूश होता.

आणि आता यादीत ते आहेत, आम्ही नाही.

मी भाऊसाहेबांना पावती दाखवली. त्यांनी आत बसलेल्या पोराला सांगितलं, शोध रे. त्यानं आमचा नंबर घातला आणि माझ्यासमोर स्क्रीनवर नाव आलं, दस्तगीर बागवान. मी परत घालायला लावला. परत तेच. भाऊसाहेब म्हणाले, "एकाच नंबरानं फॉर्म दोनदा आलाय. पहिला तुमच्या नावानं, मग त्यांच्या नावानं. नंतरचा धरला जातो. आता तुमच्या दोघांत काय झालं ते मला काय ठाऊक." आणि चष्मा पुसायला लागले.

तिथनं बाहेर येऊन मी मुबारकची कॉलर धरली होती.

"पोरांनो, गप बसा," दस्तगीरमामा मधी पडले. त्यांच्या हातात पिशवी, पिशवीत नारळ. "हिराताई, कायतरी घोळ झालाय. मशीन हाय, माणूस थोडीच हाय. आमचा नंबर हायच, दीपमाळेखालची जागा मी घेतो. तिथंच दोघं बसू. अर्धी फळी लावा. गाडी मी आडवी न घालता उभी घालतो."

आई बांबूच्या भाऱ्यावर बसली होती. रात्रभर टेम्पोत बसून आलेली. डोक्यावरचा पदर तोंडात धरून ती नुसती यादीकडं बघत होती. तिला वाचता येत नाही, पण स्वतःचं नाव ओळखता येतं. ते नाव कुठं दिसतंय का, ते ती वरनं खाली शोधत होती, खालनं वर शोधत होती.

ती भांडणारी बाई नाही. भांडायचं काम माझ्याकडं. म्हणून तिनं तोंड उघडलं तेव्हा मला वाटलं ती हो म्हणणार.

ती म्हणाली, "दादा, पोराला एवढं शिकवलंत ते ह्याच्यासाठीच व्हय?"

हळूच म्हणाली. मागच्या रसवाल्याला पण ऐकू गेलं नसेल.

मामांनी मुबारकला शिकवायला काय काय केलं ते आम्हाला माहीत होतं. भेळेच्या गाडीला कंदील होता तेव्हापासून त्या कंदिलाखाली तो अभ्यास करायचा आणि मामा गिऱ्हाइकाला सांगायचे, जरा तिकडनं उभं रहा, उजेड अडतोय. मामांनी पिशवीतनं नारळ काढला, आईच्या पायाजवळ मातीत ठेवला आणि गर्दीतनं निघून गेले. मुबारक माझ्याकडं बघत होता. आता त्याला राग आला होता. पण तो पण बापाच्या मागं गेला.

मला भांडायला कुणी उरलं नाही. मग मी त्या कॉम्प्युटरवाल्या पोराकडं गेलो.

त्याचं नाव मंदार. भाऊसाहेबांच्या बहिणीचा मुलगा, पुण्यात नोकरीला, भाऊसाहेबांनी सांगितलं म्हणून दोन दिवस रजा टाकून आलेला. यादीचा प्रोग्रॅम त्यानंच लिहिलेला. डोळे तांबडे, पुढं गार झालेला चहा, चहावर साय.

"तुमचं बघून झालंय," तो म्हणाला.

"परत बघा."

"चाळीस लोक परत बघा म्हणून गेलेत सकाळपासून. मी इंजिनिअर आहे, ज्योतिषी नाही."

"माझा नंबर घाला एकदा."

"दोनदा घातलाय."

"तिसऱ्यांदा घाला. तुमचं काय झिजतंय?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. उठून बाहेर काढावं एवढी ताकद त्याच्यात नव्हती, माझ्यात पण परत ओरडायची नव्हती. आम्ही दोघं दमलो होतो. त्यानं पावती ओढून घेतली, नंबर घातला. दस्तगीर बागवान.

मी त्याच्या खुर्चीमागं उभा. सेंटरवर बसलो असताना मला सवय लागली होती, नंबर उजवीकडनं बघायची, कारण फरक तिकडंच होता. तसं बघितलं.

"ह्याच्या शेवटी तीस हाय," मी म्हणलं.

"काय?"

"आमच्या शेवटी सत्तावीस. ही बघा पावती. त्यांच्या शेवटी तेहतीस, मी बघितलंय, दोन्ही पावत्या एकमेकींवर ठेवून. हे तीस कुणाचं?"

"प्रिंटिंगमध्ये काहीतरी..."

"आणि ह्या पाळणेवाल्याच्या शेवटी शून्य. त्याच्या खालच्याच्या पण शून्य. खाली घ्या. अजून खाली. सगळ्यांच्या शेवटी शून्य. एवढ्या लोकांत एकाचा पण नंबर सात न्हाई, तीन न्हाई? आमच्या बंदुकीनं मारलं तरी कधीतरी दुसरीकडं लागतंय."

मंदार खुर्चीत सरळ बसला. त्यानं यादी वर केली, खाली केली, परत वर केली. मग दोन्ही हातांनी तोंड चोळलं, आणि इतक्या वेळानं पहिल्यांदा मला म्हणाला, "बस."

मी बसलो नाही.

"तेहतीसवाली पावती आण."

"ती मी न्हाई मागणार त्यांच्याकडं."

"बरं. आठवतो ना पूर्ण नंबर?"

"शेवटचे दोन सोडले तर आमचाच."

त्यानं एका कोऱ्या पानावर दोन्ही नंबर टाईप केले, एकाखाली एक. मग प्रोग्रॅमला विचारलं, हे दोन सारखे आहेत का. प्रोग्रॅम म्हणाला, सारखे. डोळ्यासमोर एक सत्तावीस, एक तेहतीस, आणि ते येडं म्हणतंय सारखे. मग त्यानं विचारलं, ह्यातला एक तू कसा धरलास ते दाखव. तिथं आलं ते, शेवटी तीस. आमचं पण नाही, त्यांचं पण नाही.

"गेलं," मंदार म्हणाला.

"काय गेलं?"

"हे बघ. एवढा मोठा आकडा ह्याला पूर्ण धरता येत नाही. पंधरा-सोळा आकड्यांपर्यंत ठीक. त्याच्या पुढं तो जवळपासचा धरतो. मी नंबर म्हणून वाचायला लावला, हीच चूक. पुण्यात चाचणी घेतली तेव्हा सगळे फॉर्म मीच भरले, एकामागून एक. त्यामुळं नंबर लांब लांबचे होते, कळलंच नाही. तुमच्या दोघांचे त्याला एकच दिसले. त्याला वाटलं, एकाच माणसानं दोनदा बटण दाबलं. जुना काढून टाकला, नवा ठेवला."

"पण दोघांनी वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर..."

"ते शेवटच्या तीन आकड्यांत होतं. तेच तर पुसलं." त्यानं माझ्याकडं वळून विचारलं, "पण मला सांग, दोन माणसं सेकंदाच्या एकाच दहाव्या भागात दाबतात कशी? पैज लावून दाबलं तरी जमत नाही."

"एक साडे माडे तीन म्हणून."

"म्हणजे मुद्दाम?"

"जागा शेजारी पाहिजे होती."

त्यानं गार चहा एका घोटात पिऊन टाकला, साय ओठाला लागली ती पुसली. "लांब लांब बसून दाबलं असतं ना," तो म्हणाला, "तर काहीच झालं नसतं."

मी आमची पावती टेबलावरनं उचलून खिशात घातली.

"आता दुरुस्त होतंय का न्हाई?" मी विचारलं.

"होईल. नंबर म्हणून बघायचंच नाही. नुसती अक्षरं समजायची. आधी बघायचं दोघांची लांबी सारखी आहे का. ज्याची कमी तो लहान. लांबी सारखी असेल तर डावीकडून एकेक आकडा समोरासमोर धरत जायचं. जिथं पहिला फरक येईल, तिथं निकाल. फरक आलाच नाही तरच सारखे म्हणायचं."

"बांबू मापतो तसं."

"कसं?"

"टेप कोण लावतंय प्रत्येक बांबूला? दोन्ही शेजारी उभे करायचे, बुडाशी बुड. मग शेंड्याला कोण वर ते दिसतंय."

"हां. तसंच," मंदार म्हणाला, आणि टाईप करायला लागला. त्यानंतर तो मला विसरला. बाहेर कुणीतरी भोंग्यावर आवाज तपासत होतं, हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग.

थोड्या वेळानं खिडकीतल्या टीव्हीवरची यादी गेली आणि नवीन आली. शेवटी सात, तीन, एक, आठ, सगळे आकडे आले. मी आईचं नाव शोधलं. होतं. तिच्या खाली लागून दस्तगीर बागवान. सत्तावीस लहान, तेहतीस मोठा. पहिल्यांदा आम्ही, मग ते. भाऊसाहेबांनी भोंग्यावरनं सांगितलं, तांत्रिक अडचण दूर झाली आहे, कुणीही गैरसमज करून घेऊ नये. चूक झाली असं ते म्हणाले नाहीत. मंदार टेबलावर डोकं ठेवून झोपला होता.

मी आधी आईकडं गेलो. तिला सगळं सांगितलं. आकडे, शून्य, सत्तावीस, तेहतीस. तिला किती कळलं माहीत नाही. तिनं एकच विचारलं.

"म्हंजे मुबारकनं काय केलं न्हाई?"

"न्हाई."

"काहीच न्हाई?"

"तीनलाच दाबलं त्यानं. माझ्याबरोबर."

आईनं पायाजवळचा नारळ उचलला, पदरानं माती पुसली. उठताना तिला हाताचा आधार लागला, तो मी दिला. आम्ही मामांना शोधत गेलो. ते विहिरीच्या अलीकडं गाडीला टेकून उभे होते, मुबारक चाकाखाली दगड लावत होता. त्यांनी भोंगा ऐकला होता.

"दादा, यादी सुधारली," आई म्हणाली. "मशीनचं चुकलं व्हतं."

"ऐकलं."

"पोराचं काय न्हवतं त्यात."

"ते मला आधीच ठाऊक होतं, हिराताई," मामा म्हणाले. रागानं नाही म्हणाले. भेळेत मीठ किती ते सांगावं तसं म्हणाले.

आई उभी राहिली. नारळ दोन्ही हातांत. तिला बोलायचं होतं, पण जे बोलायचं त्याची तिला सवय नव्हती, आणि मला तर नव्हतीच. मी मुबारककडं बघितलं. तो दगड लावून झाला होता तरी दगडच बघत होता.

भोंग्यावरनं नावं पुकारायला लागले. हिराबाई तांदळे. आई गेली, दीपमाळेखालची उजवीकडची जागा सांगितली. मग पुकारलं, दस्तगीर बागवान. डावीकडची जागा मोकळी होती. मामा हळूहळू चालत आले. भाऊसाहेब म्हणाले, "दीपमाळ ना?"

"न्हाई," मामा म्हणाले. "विहिरीजवळची द्या. गाडी लागलीय तिथं."

दीपमाळेखाली आमच्या शेजारी त्या साली पिपाण्या विकणारा एक आला. पाच दिवस कानाशी पिपाणी. धंदा झाला, पावसाळा निघाला. फुगे फोडून झालेली पोरं विचारायची, भेळेची गाडी कुठाय, आणि मी विहिरीकडं बोट दाखवायचो.

नारळ आईनं फोडला नाही. फळीच्या खाली गोळ्यांची पेटी आहे, त्यात ठेवला. अजून आहे. हलवला की आत खुळखुळतो. गेली दोन वर्षं मामांचा फॉर्म दुसऱ्या सेंटरवरनं जातो. मंदारचा प्रोग्रॅम आता एकदम बरोबर चालतो. पण शेजारी शेजारी कुणी दाबत नाही, त्यामुळं त्याला तसं काही कामच पडत नाही.

आज परत फॉर्मचा दिवस आहे. मी एकोणीसचा झालो, फॉर्म माझा मी भरतो, अक्षरं शोधायला लागत नाहीत. दहाला वेळ होता म्हणून फॉर्म भरून, कॉम्प्युटरपाशी पिशवी ठेवून सेंटरच्या पायरीवर बसून हे सांगत होतो. सकाळी निघताना आईनं माझ्या पिशवीत तो नारळ घातला. मी विचारलं, हा कशाला, आता ह्यात पाणी पण उरलं नसेल. ती म्हणाली, असू दे.

मघाशी माझ्या शेजारनं एकजण पायरी चढून आत गेला. दोन वर्षांनी ह्या सेंटरवर आला. थांबला पण नाही. मी काचेतनं बघतोय. शेवटचा कॉम्प्युटर मोकळा होता, तिकडं न जाता तो माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरला बसला. फॉर्म भरून झालाय त्याचा. मी ठेवलेल्या पिशवीकडं एकदा बघितलं त्यानं. आता नुसता बसलाय, बोट बटणाच्या वर धरून, खाली न टेकवता.

दहाला एक मिनिट कमी आहे. मला आत जायला पाहिजे.